पडद्याआडचा परीक्षक : इंग्लंडमधल्या कामगारांचे ब्रास बँड आणि त्यांच्या स्पर्धा



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी दारातच विचारलं, "बँड म्हणजे आपला वरातीचा बँड ना? त्याचा काय इतिहास सांगणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बँड म्हटलं की लाल कोट, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं आणि घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव डोळ्यांपुढे येतो. आम्हीही लहानपणी त्या बँडच्या मागे मैलभर चालत गेलेलो आहोत. पण आज आपल्याला जायचंय ते उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांत. तिथे लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्यांत, कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या माणसांनी पितळी वाद्यांचे बँड उभे केले आणि एकमेकांविरुद्ध स्पर्धेत उतरवले. ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे आणि अजून संपलेली नाही.

या मालेत आपण बहुतेक वेळा राजे, लढाया, तह यांच्याबद्दल ऐकतो. आजचा प्रश्न वेगळा आहे. दहा-दहा तास राबणाऱ्या माणसाला कला हवी असते का? हवी असेल, तर तो ती कशी मिळवतो, तिच्यासाठी पैसा कुठून आणतो, आणि ज्या कामामुळे ती कला जन्माला आली ते कामच बंद पडलं तर तिचं काय होतं? हा शेवटचा प्रश्न परळ-लालबागच्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको. त्याच्याकडे आपण अखेरीस येऊ.

आधी वाद्यांबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण ती वाद्यं तशी नसती तर हा इतिहासच घडला नसता.

जुन्या काळचं शिंग किंवा बिगुल घ्या. त्यात फुंकरीच्या जोरावर मोजकेच सूर निघतात. सगळी सुरावट वाजवायची सोय नाही. १८१८ साली प्रशियात श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचं, म्हणजे कळेचं, पेटंट घेतलं. बोटाने कळ दाबली की हवेला लांबचा रस्ता मिळतो आणि सूर उतरतो. तीन कळा, त्यांच्या आलटून-पालटून जोड्या, आणि सगळे सूर हाताशी. पुढे १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्स याने अशा वाद्यांचं एक कुटुंबच तयार केलं. हाच तो सॅक्सोफोनवाला. लहानापासून थोरापर्यंत सगळी वाद्यं एकाच घडणीची. त्यांना सॅक्सहॉर्न म्हणत. डिस्टिन नावाचं एक इंग्रज कुटुंब होतं, बाप आणि त्याची मुलं. १८४४ मध्ये ते साक्सला भेटले, त्याची वाद्यं घेऊन आले आणि गावोगाव कार्यक्रम करत फिरले. लोकांनी ती वाद्यं ऐकली आणि त्यांना ती हवीशी झाली.

आता यातली खरी मेख बघा. व्हायोलिन शिकायला नाजूक बोटं लागतात आणि बरीच वर्षं लागतात. विणकराचे किंवा खाणकामगाराचे हात घट्टे पडलेले, जखमांनी निबर झालेले. पण तीन कळा दाबायला ते हात पुरेसे होते. दुसरी सोय अशी, की जवळजवळ सगळ्या वाद्यांची बोटं सारखीच आणि लिहिलेली स्वरलिपीही सारखीच. आज कॉर्नेट वाजवणारा माणूस उद्या गरज पडली तर हॉर्नवर बसू शकतो, परवा ट्युबावर. गिरणीत एकजण आजारी पडला तर शेजारचा त्याचा माग सांभाळतो, तसंच. शिवाय पितळ टिकाऊ. पावसात भिजलं, हातातून पडलं, तरी ठोकून सरळ करता येतं.

वाद्यांच्या जोडीला वेळ आणि रेल्वे या दोन गोष्टी आल्या. १८४७ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बायका आणि मुलांसाठी दहा तासांची मर्यादा आली. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला त्यांचं काम थांबायला लागलं. बायका-मुलं थांबली की गिरणी चालवणं अवघड, म्हणून पुरुषांनाही सुटी मिळू लागली. शनिवारची अर्धी सुटी आपल्याला किरकोळ वाटेल, पण जगातल्या कितीतरी खेळांचा आणि कलांचा उगम या अर्ध्या दिवसात आहे. इंग्लंडचा फुटबॉल त्यातूनच फोफावला, आणि ब्रास बँडही.

रेल्वेची गोष्ट सांगायची तर एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. एंडर्बी जॅक्सन, हल गावचा. स्वतः वादक, पण डोकं व्यापाऱ्याचं. त्याने रेल्वे कंपन्यांना पटवलं, की स्पर्धेच्या दिवशी स्वस्त तिकिटाच्या खास गाड्या सोडा, गाड्या भरून वाहतील. आपल्याकडे आषाढीला जादा गाड्या सोडतात, तसाच हिशेब. १८५३ च्या सप्टेंबरात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत पहिली मोठी स्पर्धा झाली. ही बाग जॉन जेनिसन नावाच्या माणसाची. आत प्राणिसंग्रहालय, तळी, आतषबाजी, सगळा जत्रेचा थाट. आठ बँड आले. पहिलं बक्षीस मिळालं मॉस्ली टेम्परन्स सॅक्सहॉर्न बँडला. यातला 'टेम्परन्स' शब्द लक्षात ठेवा. ही दारूबंदीची चळवळ. गुत्त्याऐवजी माणसांनी संध्याकाळी कुठे जायचं, या प्रश्नाचं एक उत्तर म्हणून असे बँड काढले जात. मात्र पुढच्या काळात कितीतरी बँडांच्या तालमी गुत्त्याच्या माडीवरच होत, कारण फुकट जागा तेवढीच. चळवळ आणि व्यवहार यांची अशी जुगलबंदी सगळीकडेच चालते.

१८६० च्या जुलैत जॅक्सनने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दोन दिवसांचा मेळा भरवला. शंभरावर बँडांची नावं आली आणि हजाराहून जास्त वादकांनी एकत्र वादन केलं. ज्या लंडनच्या लोकांनी उत्तरेकडच्या गिरणीकामगाराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते कान देऊन ऐकत होते. पहिल्या दिवशी बाजी मारली ब्लॅक डाइक मिल्स बँडने. यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरी या डोंगरावरच्या गावातला हा बँड. गिरणीमालक जॉन फॉस्टर हा स्वतः तरुणपणी गावच्या बँडमध्ये हॉर्न वाजवायचा. १८५५ मध्ये त्याने बँड आपल्या गिरणीच्या आश्रयाखाली घेतला आणि गणवेशाचं कापडही गिरणीतलंच दिलं.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घ्यायलाच हवा. मालकाने वाद्यं दिली, कपडे दिले, मग हा कामगारांचा बँड कसला? ही तर मालकाची जाहिरात. कामगार संध्याकाळी बाजा वाजवत बसला की संघटनेच्या बैठकीला जायचा नाही, हा त्यातला डाव. आक्षेपात तथ्य आहे. वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथे क्रॉशे या लोखंड कारखानदाराने १८३८ मध्ये सिफार्थ्फा बँड उभा केला, तो जवळजवळ घराण्याचा खासगी बँड होता. मालकांना बँडचा अभिमान होता आणि उपयोगही होता, हे खोटं नाही.

पण चित्र एवढंच नाही. सगळ्या बँडांना मालक नव्हता. कित्येक बँड वर्गणीवर उभे राहिले. हप्त्यावर वाद्यं घ्यायची, गावातून पैसा पैसा गोळा करायचा, नाताळात दारोदार वाजवायचं, चहापार्ट्या आणि सोडती काढायच्या. आपल्याकडे गणेश मंडळाची वर्गणी कशी जमते ते आठवा. कोळशाच्या गावांत तर खाणकामगारांच्या पगारातून दर आठवड्याला काही पेनी बँडसाठी कापले जात, आणि ते त्यांनी स्वखुशीने ठरवलेलं असे. ब्राइहाउस अँड रास्ट्रिक हा नामांकित बँड आजवर लोकांच्या वर्गणीवर चालत आलेला आहे. त्यामुळे 'मालकाचा की कामगारांचा' याचं सरसकट उत्तर देता येत नाही. आमचं मत विचाराल तर वाद्यं कोणी घेतली यापेक्षा तालमीला रोज कोण बसलं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आणि तालमीला मालक बसत नव्हता.

आता स्पर्धेकडे वळू. स्पर्धा म्हटली की नियम आले, आणि नियमांतच त्या समाजाचा स्वभाव दिसतो.

पहिला नियम म्हणजे सगळ्यांनी एकच रचना वाजवायची. सुरुवातीला प्रत्येक बँड आपापल्या आवडीचं वाजवायचा. मग तुलना कशी करणार? एकाने सोपं पण गोड वाजवलं, दुसऱ्याने अवघड पण अडखळत, तर मोठा कोण? म्हणून बेल व्ह्यूला दोन-तीन वर्षांतच ठरलेली रचना सर्वांना देण्याची पद्धत आली. म्हणजे श्रोत्यांनी दिवसभर तीच रचना वीस-वीस वेळा ऐकायची. आपल्याला हे शिक्षा वाटेल. पण त्या श्रोत्यांना ती रचना पाठ असायची. कुठल्या वळणावर कॉर्नेटवाला चुकणार, कुठे युफोनियमची खरी कसोटी आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असे. गाणं ऐकायला आणि समेची वाट पाहायला जसे आपले जाणकार बसतात, तसे हे विणकर आणि खाणकामगार बसायचे.

दुसरा नियम आमच्या मते सगळ्यात बोलका आहे. परीक्षकाने बँड पाहायचा नाही. त्याला तंबूत किंवा कापडाने झाकलेल्या खोक्यासारख्या खोलीत बसवतात. बँडांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. परीक्षकाला फक्त क्रमांक कळतो, नाव नाही. आत तो स्वरलिपी समोर ठेवून ऐकत असतो आणि लिहीत असतो. तो तयार झाला की आतून शिट्टी वाजते, मग बँड सुरू होतो. ही पद्धत आजही चालू आहे. कोकणातली भजनाची डबलबारी आठवून पाहा. तिथे दोन बुवा समोरासमोर. हातवारे, कोपरखळ्या, एकमेकांना टोले, आणि प्रेक्षक तोंडावर दाद देतो. तिथे माणूस दिसलाच पाहिजे. इंग्लंडात नेमकं उलट. का? कारण त्यांना अनुभवाने ठाऊक होतं, की परीक्षकाला श्रीमंत गिरणीचा बँड दिसला तर त्याचं मन झुकणार. निकाल पटला नाही म्हणून गदारोळ होण्याचेही प्रसंग येत. आयुष्यभर मुकादमाच्या नजरेखाली राबणाऱ्या माणसांनी आपल्या कलेसाठी मागितलं ते एवढंच : आमच्याकडे बघू नका, आम्हाला ऐका.

तिसरा नियम वादकांच्या संख्येचा. हळूहळू बँडचा आकार पक्का झाला तो पंचवीस जणांचा : एक लहान सोप्रानो कॉर्नेट, नऊ कॉर्नेट, एक फ्लुगेलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार ट्युबा. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही. ढोल-झांजा आज असतात, पण स्पर्धेत त्यांना परवानगी मिळाली ती १९७० च्या सुमारास. हा साचा बसवण्यात तीन गुरूंचा मोठा वाटा आहे : जॉन ग्लॅडनी, एडविन स्विफ्ट आणि अलेक्झांडर ओवेन. ग्लॅडनी मँचेस्टरच्या नावाजलेल्या हॅले वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. त्याने मेल्थम मिल्स बँडला १८७६, १८७७ आणि १८७८ अशी सलग तीन वर्षं बेल व्ह्यूचं पहिलं बक्षीस मिळवून दिलं. स्विफ्ट मूळचा विणकर. मागावर काम करता करता संगीत शिकला. हे गुरू एकाच हंगामात अनेक बँड बसवायचे. त्यामुळे चांगल्या वादनाची चाल एका गावातून दुसऱ्या गावात पोचली.

संख्या ठरली म्हणजे चोरवाटाही आल्या. स्पर्धेपुरता दुसऱ्या बँडचा तगडा वादक उसना आणायचा, हा प्रकार इतका वाढला की पुढे प्रत्येक वादकाची नोंदणी सुरू करावी लागली. आपल्या कबड्डी आणि क्रिकेटच्या स्पर्धांत 'बाहेरचा प्लेअर' यावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

बरं, हे वाजवायचे काय? पहिली साठ वर्षं मुख्यतः ऑपेरातली सुरावट. रॉसिनी, डोनिझेट्टी, व्हेर्डी, मायरबेअर. ऑपेरागृहाचं तिकीट ज्यांना परवडलं नसतं, त्यांनी व्हेर्डी फुंकून फुंकून पाठ केला. रेडिओ नाही, ध्वनिमुद्रिका नाही, अशा काळात डोंगरावरच्या गिरणीगावात युरोपचं मोठं संगीत पोचलं ते बँडच्या बागेतल्या कार्यक्रमातून.

१९०० साली जॉन हेन्री आयल्स या उद्योजकाने क्रिस्टल पॅलेसमध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी डेंटन ओरिजिनल हा बँड जिंकला. १९१३ मध्ये इथे एक मोठी गोष्ट घडली. पर्सी फ्लेचर या संगीतकाराने खास ब्रास बँडसाठी लिहिलेली 'लेबर अँड लव्ह' ही रचना स्पर्धेला ठेवली गेली, आणि इरवेल स्प्रिंग्ज बँडने ती जिंकली. नाव बघा, 'श्रम आणि प्रेम'. इथून पुढे उसन्या ऑपेराऐवजी बँडला स्वतःचं साहित्य मिळू लागलं. १९२८ मध्ये गुस्ताव्ह होल्स्टने 'मूरसाइड स्वीट' लिहिली. १९३० मध्ये साक्षात एल्गरने 'सेव्हर्न स्वीट' लिहिली आणि ती जॉर्ज बर्नार्ड शॉ यांना अर्पण केली. त्या वर्षी जिंकलेला फोडेन्स बँड हा मालमोटारी बनवणाऱ्या कारखान्याचा. त्याच्या जन्माची कथा सांगतात ती अशी : १९०० मध्ये मेफकिंगचा वेढा उठल्याचा आनंद साजरा करायचा होता, पण एल्वर्थ गावाला बँड नव्हता, आणि शेजारच्या गावच्या बँडने यायला नकार दिला. गावाचं नाक कापलं गेलं. मग गावकऱ्यांनी ठरवलं, आपलाच काढू. ईर्षेतून निघालेला तो बँड पुढे देशात पहिला आला. ईर्षा नेहमी वाईटच असते असं नाही.

आता ज्याला प्रादेशिक स्पर्धा म्हणतात तिच्याकडे येऊ. क्रिस्टल पॅलेस १९३६ मध्ये जळून गेला. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, 'डेली हेरल्ड' या मजूर पक्षाच्या बाजूच्या वृत्तपत्राने राष्ट्रीय स्पर्धेची जबाबदारी घेतली. अंतिम फेरी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेली आणि तिथपर्यंत पोचायला आधी आपापल्या विभागात निवड व्हायला हवी, अशी रचना आली. आज असे आठ विभाग आहेत : स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड, यॉर्कशर, वायव्य, मिडलँड्स, लंडन आणि दक्षिण, पश्चिम, आणि वेल्स. प्रत्येक विभागात पाच गट. वर चॅम्पियनशिप, मग पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक गटातले साधारण पहिले दोन पुढे जातात. तीन वर्षांच्या क्रमांकांची बेरीज करून कोण वरच्या गटात चढणार आणि कोण खाली घसरणार हे ठरतं.

म्हणजे प्रादेशिक स्पर्धा हाच खरा जीव खाणारा दिवस. अल्बर्ट हॉलला मोजके वीसेक बँड जातात. पण फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत विभागाच्या स्पर्धेला शेकडो बँड उतरतात, आणि त्यातल्या बहुतेकांना लंडन कधीच दिसणार नसतं. त्यांच्यासाठी हीच पंढरी. यॉर्कशरवाले हडर्सफील्डच्या टाउन हॉलमध्ये जमतात, वायव्येचे ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समध्ये.

चौथ्या गटातल्या बँडचा तो दिवस कसा जातो ते डोळ्यांपुढे आणा. सकाळी चिठ्ठ्या निघतात. पहिला क्रमांक कोणालाच नको असतो, कारण परीक्षकाचा कान अजून लागलेला नसतो, असा समज. मग वाट पाहणं. पितळी वाद्य थंड झालं की सूर उतरतो, म्हणून वादक ते कोटाच्या आत धरून बसतात, नळीत गरम श्वास सोडत राहतात. मंचावर घोड्याच्या नालेसारखी बैठक. शाळकरी पोर आणि सत्तरीचा आजोबा शेजारी-शेजारी, कधी कधी तीन पिढ्या एकाच बँडमध्ये. शिट्टी वाजते. पुढची दहा-बारा मिनिटं. दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा तालीम केली ती या दहा-बारा मिनिटांसाठी. ओठ हाच इथला खरा अवयव. ओठ सुकला, थकला की सूर फुटतो, आणि फुटलेला सूर मागे घेता येत नाही. मग बाहेर येऊन संध्याकाळपर्यंत निकालाची वाट पाहणं, आणि निकालानंतर परीक्षकाने बाराव्या पट्टीवर काय शेरा लिहिला यावर घरी जाईपर्यंत गाडीत वाद.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बक्षिसाची रक्कम या श्रमांच्या मानाने कधीच मोठी नव्हती. बँडवाल्यांनी हौशीच राहायचं, पोटासाठी दुसरं काम करायचं, असा दंडक होता. त्याची एक कडवट कथा आहे. साउथ शील्ड्सचा सेंट हिल्डा कॉलिअरी बँड. १९१२ पासून पाच वेळा राष्ट्रीय विजेता. पाचवा विजय १९२६ चा, म्हणजे त्या वर्षीचा, जेव्हा देशभरातले खाणकामगार महिनोन्‌महिने टाळेबंदीत उपाशी होते. त्यानंतर खाणीचा आधार उरला नाही, तेव्हा बँडने वादन हाच धंदा केला. झालं, ते व्यावसायिक ठरले, आणि स्पर्धेची दारं त्यांना बंद झाली. खाणीत उतरलास तर तू कलावंत, कलेवर जगलास तर तू बाहेरचा. या नियमामागे लहान बँडांना वाचवण्याचा हेतू होता हे मान्य, तरीही तो बोचतो.

खाणीशी असलेलं हे नातं किती जिवावरचं होतं, त्याचं आणखी एक उदाहरण. वेस्टहॉटनचा विंगेट्स टेम्परन्स बँड. १९०६ आणि १९०७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने बेल व्ह्यू आणि क्रिस्टल पॅलेस या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. २१ डिसेंबर १९१० च्या सकाळी तिथल्या प्रिटोरिया खाणीत स्फोट झाला. ३४४ पुरुष आणि मुलगे गेले. त्यात बँडचे वादकही होते. नाताळच्या आठवड्यात, जेव्हा एरवी दारोदार वाजवत फिरायचे, तेव्हा गावात अंत्ययात्रा निघत होत्या. बँड पुन्हा उभा राहिला. आजही आहे.

आता शेवटचा टप्पा. १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप आपल्याला माहीत आहे. मार्च १९८५ मध्ये संप मोडला, तेव्हा अनेक ठिकाणी कामगार मान खाली घालून एकेकटे परतले नाहीत. पुढे बँड, वर संघटनेचा झेंडा, असे मिरवणुकीने खाणीच्या फाटकापर्यंत गेले. हरलेल्या माणसांना ताठ चालवण्याचं काम त्या दिवशी बँडने केलं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने एका दमात ३१ खाणी बंद करण्याची घोषणा केली. तीस हजार नोकऱ्यांचा प्रश्न. यादीत यॉर्कशरमधलं ग्राइमथॉर्प होतं. तिथला कॉलिअरी बँड १९१७ चा. घोषणेनंतर अवघ्या काही दिवसांत हा बँड अल्बर्ट हॉलच्या मंचावर बसला. परीक्षक नेहमीप्रमाणे पडद्याआड. त्याला नाव दिसत नव्हतं, बातमी दिसत नव्हती, आत फक्त सूर पोचत होते. निकाल लागला, तेव्हा ग्राइमथॉर्प राष्ट्रीय विजेता होता. म्हणून पडद्याचं मोल मोठं. कोणी म्हणू शकलं नाही की दया येऊन बक्षीस दिलं. पुढच्या वर्षी खाण बंद झाली. १९९६ मध्ये मार्क हर्मनचा 'ब्रास्ड ऑफ' हा चित्रपट आला, त्यामागची प्रेरणा हीच. त्यात गावाचं नाव बदलून 'ग्रिमली' केलं आहे, पण संगीत ग्राइमथॉर्पच्याच बँडचं आहे.

खाण गेली, बँड राहिला. नावातला 'कॉलिअरी' शब्दही त्यांनी टाकला नाही. ब्लॅक डाइकचंही तसंच. गिरणीची कापडं आता नाहीत, बँड आहे. पण याला हुरळून जाऊ नये. मोठे बँड प्रायोजक मिळवू शकले. लहान गावांतले कितीतरी बँड संपले, काही एकमेकांत विलीन झाले. जिथे शाळकरी मुलांचा शिकाऊ बँड चालू राहिला तिथे धागा तुटला नाही, कारण वाद्य बँडच्या मालकीचं असे आणि पोराला ते फुकट मिळे. आधी कामावरून बँडमध्ये माणूस यायचा, आता घरातून आणि शाळेतून येतो.

मुंबईची आठवण इथे येणारच. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी गाळ्यांत आणि चाळींत भजनी मंडळं काढली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांची कलापथकं इथल्याच मातीतली. १९५३ मध्ये कामगार कल्याण मंडळ आलं आणि नाटकांच्या, भजनांच्या कामगार स्पर्धा रुजल्या. पाळी संपवून तालमीला जाणारा तो माणूस आणि यॉर्कशरचा कॉर्नेटवाला यांची कधी भेट झाली नाही, पण बोलणं जमलं असतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. गिरण्या गेल्या, त्या जागांवर काय उभं राहिलं ते आपण रोज पाहतो. पण बुवा गेला तरी त्याच्या पखवाजावर आज नातवाची थाप पडते, अशी घरं अजून आहेत.

मग फरक कुठे पडला? आम्हाला वाटतं, इंग्लंडमध्ये बँडांनी आपला इतिहास लिहून ठेवला. कोण कधी जिंकलं, कुठली रचना होती, परीक्षकाने काय शेरा दिला, सगळं छापलं गेलं, जपलं गेलं. म्हणून आज इथे उभं राहून १८५३ चा विजेता सांगता येतो. आपल्या किती भजनी मंडळांचं, किती कामगार नाट्यस्पर्धांचं असं दप्तर आहे? कपाटात पडलेली प्रशस्तिपत्रं, काळवंडलेले चषक, मागे पेन्सिलीने नावं लिहिलेले फोटो, हेच आपलं दप्तर. ते रद्दीत जायच्या आधी कोणीतरी पाहायला हवं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी असं काही असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हाला जरूर भेटावं. आम्ही वही घेऊन आलो आहोत.